पुण्याचे कार्ड आणि उर्दू शाळेची फ्लॉपी

महाराष्ट्रातल्या संगणकाचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण ‘परम’पासून सुरुवात करतात. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक उभे राहिले, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ही कथा अभिमानाची आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच संस्थेत त्याच काळात आणखी एक काम चालले होते. साध्या पीसीच्या पोटात बसवायचे एक कार्ड तिथे तयार होत होते. त्याचे नाव ‘जिस्ट’. महासंगणक जळगाव-धुळ्यातल्या माणसाने कधी पाहिला नाही. जिस्टचे कार्ड मात्र खानदेशातल्या सरकारी कचेऱ्यांपर्यंत आणि एखाद्-दुसऱ्या शाळेपर्यंत पोहोचले होते. त्या कार्डाने मराठीला संगणकात जागा मिळवून दिली. उर्दूचे काय झाले, हा या लेखाचा दुसरा भाग आहे.

मी जळगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दूही शिकवतो आणि मराठीही. त्यामुळे या दोन लिप्यांची यंत्राशी झालेली झटापट माझ्यासाठी रोजच्या कामाचा विषय आहे.

दोनशे छप्पन खणांचे कपाट

आधी अडचण नेमकी काय होती ते पाहू. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. त्याचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींचा तक्ता. प्रत्येक चौकटीत एक अक्षर बसणार आणि त्या अक्षरासाठी एक बाइट. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच क्रमांक मावतात. म्हणजे यंत्राकडे २५६ खणांचे एक कपाट होते आणि प्रत्येक खणात एक ठरलेली आकृती होती. पहिल्या १२८ खणांत इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे. उरलेल्या खणांत युरोपी भाषांची टोपीवाली अक्षरे, काही ग्रीक अक्षरे आणि चौकटी आखण्यासाठी आडव्या-उभ्या रेषा.

आता या कपाटात ‘स्त्री’ हा शब्द ठेवून पाहा. आपण त्याला एक अक्षर समजतो. पण फोड केली तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची मात्रा असे सहा तुकडे होतात. जोडाक्षरांचे सगळे आकार मोजले तर ते २५६ खणांत मावत नाहीत. शिवाय मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात, पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते. इंग्रजीसाठी बांधलेल्या चौकटीत हे बसवायचे कसे?

त्या काळात जुन्या यंत्राला नवी ताकद देण्याचा एक लोकप्रिय उपाय होता, तो म्हणजे कार्ड. पीसीच्या आत लांबट खाचा असत. नवे काही हवे असेल तर त्या खाचेत कार्ड खोचायचे. इंटेलने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इनबोर्ड ३८६’ नावाचे असे कार्ड बाजारात आणले. जुन्या पीसीतला ८०८८ काढायचा, त्याच्या जागी कार्डाची केबल लावायची आणि कार्डावरचा १६ मेगाहर्ट्झचा ३८६ प्रोसेसर काम करू लागायचा. नवे यंत्र घेण्यापेक्षा हे स्वस्त पडे.

पण गाडीला नवे इंजिन बसवले म्हणून गिअरबॉक्स नवा होत नाही. प्रोसेसर ३८६ झाला तरी बाकीचे यंत्र जुनेच राही. पहिल्या पीसीची पत्त्यांची मर्यादा एक मेगाबाइट होती. फ्लॉपीवरून थेट स्मृतीत माहिती टाकणारी यंत्रणा त्या मर्यादेपलीकडे पोहोचत नसे. एखादा प्रोग्रॅम विचारी, ‘प्रोसेसर कोणता?’ उत्तर मिळे, ‘३८६’. मग तो ३८६ च्या यंत्राकडून ठेवाव्यात अशा अपेक्षा ठेवी आणि मध्येच अडकून बसे. म्हणून इंटेलला कार्डाबरोबर वेगळा ड्रायव्हर द्यावा लागला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळणे, ज्याला आपण सगळे ‘कंपॅटिबल’ म्हणतो, ती भानगड ही आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकीने दुसरीबद्दल धरलेली समजूत चुकीची निघते.

जिस्टने काय केले

जिस्टचे मूळ काम आयआयटी कानपूरचे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे प्रयत्न तिथे १९७० च्या दशकापासून सुरू होते. मोहन तांबे हे त्या कामातले महत्त्वाचे नाव. पुढे हे काम पुण्याला सी-डॅकमध्ये आले आणि तिथून कार्डाच्या रूपाने बाजारात गेले.

या कार्डाची खरी हुशारी अशी की त्याने जुन्या प्रोग्रॅमना हात लावला नाही. डीबेस, वर्डस्टार, लोटस हे डॉसवर चालणारे प्रोग्रॅम इंग्रजीसाठी लिहिलेले होते. त्यांना मराठी शिकवायची तर प्रत्येकाच्या कंपनीकडे जावे लागले असते. जिस्टने मधला मार्ग काढला. प्रोग्रॅमला वाटावे की आपण नेहमीसारखे बाइट ठेवतो आहोत. कळफलकावरून आलेल्या कळीचा मराठी बाइट करायचा आणि पडद्यावर जाताना त्या बाइटांची जोडाक्षरे बनवायची, हे काम कार्ड आणि त्याच्यासोबतचे सॉफ्टवेअर करणार. डीबेसला कळतही नसे की आपण मराठी सांभाळतो आहोत.

यासाठी अक्षरांचे क्रमांक सर्वांनी एकच मानणे गरजेचे होते. तो करार म्हणजे ‘इस्की’. भारतीय मानक ब्यूरोने तो ‘आयएस १३१९४ : १९९१’ या नावाने मंजूर केला. पहिले १२८ खण इंग्रजीचे जसेच्या तसे ठेवले आणि १६१ ते २५० या पट्ट्यात भारतीय अक्षरे बसवली. जोडाक्षरांना खण दिलाच नाही. फक्त मूळ वर्ण, मात्रा, हलन्त आणि नुक्ता ठेवले. आकार बनवणे हे दाखवणाऱ्याचे काम, साठवणाऱ्याचे नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांक दिले. देवनागरीतला ‘क’, गुजरातीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ एकाच खणात. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसू लागे.

इथेही जुळण्याची अडचण आलीच. पीसीच्या जुन्या कपाटात चौकटी आखण्याच्या रेषा साधारण १७६ ते २२३ या खणांत होत्या आणि डॉसच्या प्रोग्रॅमचे सगळे मेनू त्या रेषांनी आखलेले असत. इस्कीची अक्षरे नेमकी त्याच पट्ट्यात आली. त्यामुळे पीसीसाठी वेगळी मांडणी करावी लागली. रेषांची जागा मोकळी सोडून अक्षरे तिच्या मागेपुढे सरकवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

उर्दू दाराबाहेर का राहिली

इस्कीने एका करारात इतक्या लिप्या आणल्या, पण उर्दू त्यात नव्हती. यात कुणाचा द्वेष शोधायला जाऊ नये, कारण तांत्रिक होते. उर्दूची लिपी ब्राह्मी कुळातली नाही. ती उजवीकडून डावीकडे चालते आणि तिची वर्णमाला वेगळी आहे. ‘ज’च्या जवळचा एकच आवाज दाखवायला तिच्याकडे ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. ‘क’च्या खणात ‘काफ’ बसवता आला असता, पण मग ‘बडा क़ाफ’ कुठे ठेवणार? म्हणून फारसी-अरबी लिपीसाठी वेगळा करार करायचे ठरले. सी-डॅकने ‘पास्की’ नावाची संकेतमाला तयारही केली. पण इस्कीभोवती जसे वापरणाऱ्यांचे जाळे तयार झाले, तसे पास्कीभोवती झाले नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि ते आमच्याच सौंदर्यदृष्टीत आहे. अरबी छापताना ‘नस्ख’ वळण चालते. त्यात अक्षरे एका सरळ रेषेवर बसतात. उर्दू वाचकाला मात्र ‘नस्तालीक’ हवे. त्यात शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली घरंगळत येतो. ८० रकान्यांच्या तक्त्यात ही घसरण दाखवणे जवळजवळ अशक्य. टाइपाच्या खिळ्यांनाही ते नीट जमले नव्हते. म्हणून मराठी वर्तमानपत्रे खिळ्यांवर छापली जात असताना उर्दू वर्तमानपत्रे कातिबच्या हाताने लिहिली जात. कातिब लेप दिलेल्या कागदावर खास शाईने लिही आणि ते दगडावर किंवा पत्र्यावर उतरवून छापत. मालेगावपासून मुंबईपर्यंत ही परंपरा होती. पोस्टर, लग्नपत्रिका, मुशायऱ्याची जाहिरात, सगळे कातिबच्या बोरूतून येई.

हा प्रश्न सोडवला कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी. ते स्वतः खुशनवीस घराण्यातले. १९८१ साली मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी त्यांनी ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. त्यांची युक्ती जिस्टच्या नेमकी उलटी होती. जिस्टने आकार बाजूला ठेवून मूळ वर्ण साठवले. नूरीने हजारो जोड-आकृत्या हाताने काढून यंत्रात भरल्या. त्यांची संख्या अठरा-वीस हजारांच्या घरात सांगितली जाते. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने ‘इनपेज’ आणले आणि हीच नस्तालीक साध्या पीसीवर आली. तिथेही २५६ खणांचे कपाट आडवे आलेच. एका फाँटमध्ये २५६ च आकार, म्हणून हजारो आकृत्या अनेक फाँट-फायलींत वाटून ठेवाव्या लागल्या.

इनपेजने उर्दूची छपाई वाचवली यात शंका नाही. काही वर्षांतच कातिबची जागा ऑपरेटरने घेतली. १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने उर्दू डीटीपीसह संगणकाचा एक वर्षाचा डिप्लोमा देशभर सुरू केला आणि मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलामुलींना त्यातून काम मिळाले. पण इनपेजची फाइल इनपेजलाच वाचता येई. ती डीबेसमध्ये जात नसे. उर्दू सुंदर छापली जाऊ लागली, पण तिची नोंदवही होत नव्हती. मराठी मात्र जिस्टमुळे नोंदवहीची भाषा झाली.

एका फ्लॉपीची गोष्ट

आता खानदेशातला प्रसंग. आमच्या भागातल्या एका जुन्या उर्दू शाळेत १९९० च्या दशकात एका उत्साही मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टरमधली जुनी नावे संगणकावर चढवून घेतली होती. मूळ रजिस्टर उर्दू हस्ताक्षरात. यादी मात्र देवनागरीत, कारण संगणकाला तेवढीच लिपी येत होती. पुढे तो संगणक अडगळीत गेला आणि कपाटात एक डबा फ्लॉप्या राहिल्या.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या नातवाच्या जात-पडताळणीसाठी शाळेत आले. मुस्लिम समाजातल्या बागवान, पिंजारी, तांबोळी अशा अनेक जमाती ओबीसीत येतात आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बहुतेक घरांत तो पुरावा एकच असतो, आजोबांची शाळेतली नोंद. इथे रजिस्टरे ओल लागून एकमेकांना चिकटलेली. नोंदीचे साल माहीत नाही, अनुक्रमांक माहीत नाही. पानागणिक शोधायला गेले तर पाने तुटणार. मुलाचा प्रवेश अडलेला. अशा वेळी त्या फ्लॉप्यांची आठवण झाली आणि दोन्ही भाषा येतात म्हणून मला बोलावणे आले.

गोलाणी मार्केटमधला एक ओळखीचा दुरुस्तीवाला बरोबर घेतला. तो आधी हसला. “सर, हे आता भंगारवाला पण घेत नाही.” पण बसला तो चार दिवस.

जुने यंत्र दुरुस्त करताना क्रम सोडायचा नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो. आधी वीजपुरवठा तपासला. मग मदरबोर्डवरची छोटी बॅटरी पाहिली. ती संपलेली, म्हणून यंत्र हार्डडिस्कचा प्रकारच विसरून गेले होते. मग सगळी कार्डे काढून, संपर्काच्या पट्ट्या खोडरबराने घासून, एकेक कार्ड परत बसवले. जिस्टचे कार्ड नसताना यंत्र डॉसपर्यंत येई. कार्ड घातले की मध्येच थांबे. खाच बदलली, तरी तेच. मग कॉन्फिग फाइल उघडली. ६४० किलोबाइट ते एक मेगाबाइट या पट्ट्यात पडद्याची स्मृती, बायॉस आणि निरनिराळी कार्डे आपापली जागा घेऊन बसतात. मेमरी-मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम तिथली रिकामी वाटणारी जागा स्वतःसाठी घेतो आणि मग एका जागेचे दोन मालक होतात. अशा वेळी तो तात्पुरता बंद करून पाहायचा असतो. तसे केल्यावर यंत्र पुढे गेले, पण पडदा कोराच. कार्ड स्वतःच गेले होते.

इथे हात टेकायची वेळ होती. पण कार्ड काढून डीबेसमध्ये फाइल उघडली तेव्हा पडद्यावर जे आले त्यात आशा दिसली. ग्रीक अक्षरे, टोपीवाली युरोपी अक्षरे, असा सगळा कचरा होता. पण कचऱ्यात लय होती. नावाच्या रकान्यात तीन चिन्हांचा एकच गट पुन्हा पुन्हा येत होता. आमच्या याद्यांत पुन्हा पुन्हा येणारे तीन तुकड्यांचे नाव कोणते? श, एकाराची मात्रा, ख. ‘शेख’! म्हणजे बाइट शाबूत होते. फक्त ते दाखवणारा उरला नव्हता.

फाइल आजच्या संगणकावर आणली. इस्कीचा तक्ता छापील मानकात आहे आणि युनिकोडची देवनागरी १९९१ साली पहिल्या आवृत्तीत आली ती इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवरून. त्यामुळे रूपांतर जवळजवळ एकास एक. तरी पहिल्या प्रयत्नात निम्मी अक्षरे चुकली. कारण वर सांगितले तेच. फाइल पीसीच्या सरकवलेल्या मांडणीत होती, रेषांची जागा मोकळी सोडून. तेवढी सरक हिशेबात धरली आणि नावे उलगडली.

त्यातही एक खाच निघाली. नावाचा रकाना २५ बाइटांचा होता. नमुन्यादाखल ‘शेख अब्दुल रज्जाक शेख इस्माईल’ हे नाव घ्या. मोकळ्या जागा धरून त्याचे २९ बाइट होतात. २५ वर कात्री लागली की ‘शेख इस्’ एवढेच उरते आणि वडिलांचे नाव तुटते. इंग्रजीत पंचवीस म्हणजे पंचवीस अक्षरे. मराठीत मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, हे रकाना ठरवणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. त्यामुळे एकाच तुटक्या नावाचे चार जण निघाले.

पण यादीत अनुक्रमांक आणि साल होते. तेवढे पुरे झाले. चार अनुक्रमांक म्हणजे चारच पाने. ती काळजीपूर्वक सोडवली आणि तिसऱ्या पानावर उर्दूत पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जात आणि १९५० च्या दशकातली तारीख स्पष्ट वाचता आली. कायद्याचा पुरावा अर्थातच ते पान. फ्लॉपीने फक्त पानापर्यंत नेले.

टिकले काय आणि का

या प्रसंगातून मला दिसलेली गोष्ट थोडी उलटी आहे. कार्ड गेले, तो प्रोग्रॅम गेला, फ्लॉपीही आता गेली. टिकला तो करार. अक्षराला दिलेला क्रमांक सर्वांना माहीत होता म्हणून पंचवीस-तीस वर्षांनीही मजकूर वाचता आला. त्यानंतर विंडोजच्या काळात आलेले कितीतरी मराठी फाँट दिसायला सुरेख होते, पण प्रत्येकाचे क्रमांक वेगळे. त्या फाँटांतली पुस्तके आणि अंक आज रूपांतर करताना जास्त छळतात. म्हणजे जुने अवघड यंत्र पुढच्या पिढीशी प्रामाणिक राहिले आणि नंतरचे सोपे यंत्र राहिले नाही.

हा धडा फक्त उर्दूवाल्यांचा नाही. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात मोडीचे दफ्तर आहे. मोडी एकेकाळी महाराष्ट्राच्या कारभाराची लिपी होती. छापखान्याच्या खिळ्यांशी तिचे जुळले नाही, बालबोधीचे जुळले. आज नातवाला आजोबांची मोडीतली खरेदीखते वाचता येत नाहीत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. जी लिपी यंत्राशी जुळत नाही, तिच्यातल्या नोंदींचे वारस आधी निरक्षर होतात आणि मग दावा हरतात. दुखणे मोडीचे आणि नस्तालीकचे एकच आहे.

उर्दूला आता ती अडचण उरलेली नाही. युनिकोडमध्ये उर्दूची सगळी अक्षरे आहेत, नूरी वळणाचे युनिकोड फाँट आहेत, मोबाइलवर मुले सर्रास उर्दू लिहितात. इनपेजच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरकही लोकांनी तयार केले आहेत. तरीही आपल्या अनेक संस्था आजही निकाल, याद्या, ठराव चित्र म्हणून नाहीतर जुन्या फायलीत ठेवतात.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः शाळा, मदरसे, कब्रस्तान आणि निकाह रजिस्टर सांभाळणाऱ्यांना. यादी करा तेव्हा युनिकोडमध्येच करा. नाव उर्दूत आणि देवनागरीत, दोन्ही रकान्यांत लिहा. ज़ाकिरचा कुठे जाकीर आणि कुठे झाकीर झाला की त्याच्या मुलाला चार कचेऱ्यांत फिरावे लागते. मूळ रजिस्टराचा अनुक्रमांक आणि साल गाळू नका. रकाना कुठेही कापू नका. आणि त्याची एक छापील प्रत काढून ठेवा, कारण कागद वाचायला कोणतेही कार्ड लागत नाही.